खांद्यावरचे तारे, बाहीवरच्या फिती : सैन्यातली बढती समजून घेताना



मी फौजेतून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी लग्नाकार्यात, रेल्वेच्या डब्यात, सोसायटीच्या बाकावर लोक मला जे प्रश्न विचारतात ते फारसे बदललेले नाहीत. युद्धाबद्दल विचारणारे थोडे. सगळ्यात जास्त प्रश्न असतात हुद्द्यांचे. "आमचा भाचा सैन्यात हवालदार झाला, म्हणजे पोलिसातल्या हवालदारासारखाच ना?" "जावई पंधरा वर्षं झाली तरी लेफ्टनंट कर्नलच आहेत, काही बिनसलंय का?" "मेजर मोठा की सुभेदार मेजर?" "मुलगी एनसीसीत अंडर ऑफिसर झाली, आता ती थेट अधिकारी होणार का?"

हे प्रश्न वरवर साधे वाटतात, पण त्यांच्यामागे घरातली काळजी असते. हुद्द्याचा अर्थ नीट न कळल्यामुळे चांगल्या माणसाला घरच्यांसमोर मान खाली घालावी लागते, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून आजचा भाग हुद्द्यांवर. मी प्रामुख्याने भारतीय सेनेबद्दल, म्हणजे भूदलाबद्दल बोलणार आहे. नौदल आणि हवाई दलाचा उल्लेख शेवटी येईल.

हुद्दा वेगळा, नेमणूक वेगळी

सुरुवातीलाच एक गाठ सोडवू. हुद्दा म्हणजे रँक. तो तुमच्या अंगावर असतो, तुमच्याबरोबर फिरतो. नेमणूक म्हणजे तुम्ही सध्या बसलेली खुर्ची. "कर्नल" हा हुद्दा आहे आणि "कमांडिंग ऑफिसर" ही नेमणूक. "जनरल" हा हुद्दा, "सेनाध्यक्ष" ही नेमणूक. "ॲडज्युटंट", "क्वार्टरमास्टर", "कंपनी कमांडर" या सगळ्या नेमणुका. बदली झाली की नेमणूक जाते, हुद्दा राहतो.

म्हणूनच निवृत्तीनंतर आमच्याकडे नाव लिहायची एक रीत आहे. "निवृत्त ब्रिगेडियर अमुक" असं लिहीत नाहीत, "ब्रिगेडियर अमुक (निवृत्त)" असं लिहितात. निवृत्त माणूस होतो, त्याचा हुद्दा होत नाही. लग्नाच्या पत्रिकेत आजोबांचं नाव छापताना एवढं लक्षात ठेवा. आजोबा काही बोलणार नाहीत, पण त्यांना बरं वाटेल.

तीन मजल्यांची इमारत

भूदलातले हुद्दे एका इमारतीसारखे समजा. इमारतीला तीन मजले आहेत.

पहिला मजला जवानांचा. सुरुवात शिपायापासून. पण "शिपाई" हा शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळा वेश घेतो. तोफखान्यात तो गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, ईएमईमध्ये क्राफ्ट्समन, रायफल रेजिमेंटमध्ये रायफलमन, रणगाडा दलात सवार आणि ग्रेनेडियर्समध्ये ग्रेनेडियर. कारगिलच्या युद्धात टायगर हिलवर परमवीरचक्र मिळवणारे योगेंद्रसिंह यादव तेव्हा ग्रेनेडियर होते, म्हणजे हुद्द्याने शिपाईच. शिपायाच्या वर लान्स नाईक, बाहीवर एक फीत. मग नाईक, दोन फिती. मग हवालदार, तीन फिती. रणगाडा दलात नाइकाला लान्स दफादार आणि हवालदाराला दफादार म्हणतात.

दुसरा मजला जेसीओंचा, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर्सचा. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. रणगाडा दलात हेच नायब रिसालदार, रिसालदार, रिसालदार मेजर.

तिसरा मजला कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांचा. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, जनरल. त्याच्याही वर फील्ड मार्शल आहे, पण तो बहुमान. आजवर भूदलात तो दोघांनाच मिळाला. १९७३ मध्ये सॅम माणेकशा यांना आणि १९८६ मध्ये के. एम. करिअप्पा यांना.

आता ओळखायचं कसं? लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे, कॅप्टनच्या तीन, मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह. लेफ्टनंट कर्नल म्हणजे सिंह आणि एक तारा, कर्नल म्हणजे सिंह आणि दोन तारे, ब्रिगेडियर म्हणजे सिंह आणि तीन तारे. मेजर जनरलपासून पुढे तलवार आणि दंड एकमेकांवर आडवे येतात. कर्नलपासून वर कॉलरवर लाल पट्टी दिसू लागते.

घोटाळा होतो तो जेसीओंच्या बाबतीत. नायब सुभेदाराच्या खांद्यावरही एक तारा असतो, सुभेदाराच्या दोन, आणि सुभेदार मेजरच्या खांद्यावर सिंह. मग दोन तारे पाहून लेफ्टनंट समजायचं की सुभेदार? तिथे खांद्यावरच्या पट्टीकडे बघा. जेसीओच्या ताऱ्यांखाली लाल-पिवळी-लाल अशी आडवी फीत असते, अधिकाऱ्याच्या खांद्यावर ती नसते. सुभेदार मेजर आणि मेजर यांच्यातला फरकही तोच. हुद्द्याच्या उतरंडीत मेजर वर आहे. पण कोणताही शहाणा मेजर सुभेदार मेजर साहेबांशी आवाज चढवून बोलत नाही. का, ते पुढे सांगतो.

आणखी एक कोडं नेहमी विचारलं जातं. मेजर हा लेफ्टनंटपेक्षा मोठा, मग लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलपेक्षा मोठा कसा? याचं उत्तर जुन्या इंग्रजी फौजेत आहे. तिथे मुख्य सेनापतीच्या खालोखाल त्याचा "लेफ्टनंट", म्हणजे त्याच्या जागी काम पाहणारा. त्याच्याखाली "सार्जंट मेजर जनरल". पुढे त्यातला "सार्जंट" गळून पडला आणि मेजर जनरल उरला. त्याचा मेजर या हुद्द्याशी थेट संबंध नाही.

हुद्दा म्हणजे किती माणसांचा भार

आता मुख्य मुद्दा. पाटी, पगार, गाडी, सलाम ही सगळी हुद्द्याची बाहेरची अंगं. आतून हुद्द्याचा अर्थ एकच. तुमच्या एका शब्दावर किती माणसं जिवाची बाजी लावणार, आणि त्यांच्यासाठी जबाबदार कोण.

पायदळाची सगळ्यात लहान तुकडी म्हणजे सेक्शन, साधारण दहा जवानांचं. ते हवालदार किंवा नाईक सांभाळतो. तीन सेक्शन मिळून प्लाटून, ती जेसीओ किंवा तरुण अधिकाऱ्याकडे. तीन प्लाटून मिळून कंपनी, सव्वाशेच्या आसपास माणसं, ती मेजर किंवा लेफ्टनंट कर्नलकडे. पलटण म्हणजे बटालियन, सुमारे आठशे माणसं, ती कर्नलकडे. अशा तीन पलटणी आणि सोबतची दलं मिळून ब्रिगेड, ती ब्रिगेडियरकडे. मग डिव्हिजन मेजर जनरलकडे आणि कोअर लेफ्टनंट जनरलकडे.

मराठी माणसाला ही रचना नवी नाही. शिवाजी महाराजांच्या पायदळात नऊ-दहा पाईकांवर एक नाईक असे, पाच नाइकांवर एक हवालदार, त्यांच्यावर जुमलेदार, त्यांच्यावर हजारी. शब्द तेच आणि लहान तुकडीचं गणितही जवळपास तेच. लढाईच्या गदारोळात एक माणूस आपल्या आवाजाने आणि नजरेने साधारण दहाजणांनाच हलवू शकतो. हत्यारं बदलली, पण माणसाचा आवाज तेवढाच राहिला.

नाईक म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर यशवंत घाडगे आठवा. रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचा हा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा नाईक. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांचं सेक्शन मशीनगनच्या अगदी जवळून आलेल्या माऱ्यात सापडलं आणि त्यांच्याखेरीज सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. पुढे कूच करायला सोबत कुणी उरलं नव्हतं. घाडगे एकटे धावून गेले, मशीनगन बंद पाडली आणि तिथेच शत्रूच्या गोळ्यांनी धारातीर्थी पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बाहीवर दोनच फिती होत्या. पण त्या दोन फितींचा अर्थ होता, "हे दहाजण माझे."

जवानाची बढती

जवानाला बढती मिळण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. वर जागा रिकामी हवी, यादीत तुमचा क्रमांक आलेला हवा आणि तुम्ही पात्र हवेत. पहिल्या दोन आपल्या हातात नसतात. तिसरी पूर्णपणे आपल्या हातात असते, आणि गंमत म्हणजे माणसं अडकतात ती बहुतेक तिथेच.

पात्रतेत काय काय येतं? फौजेच्या शिक्षण परीक्षा. नकाशावाचनाची परीक्षा. ट्रेडची परीक्षा. बढतीचा कॅडर कोर्स, ज्यात कवायत, शस्त्रं, डावपेच, हुकूम देणं हे सगळं तपासतात. शारीरिक चाचण्या आणि नेमबाजी. वैद्यकीय श्रेणी, जिला आम्ही "शेप वन" म्हणतो, म्हणजे मन, कान, हातपाय, शरीर आणि डोळे या सगळ्यांत ठीक. आणि स्वच्छ सेवापुस्तिका. गंभीर शिक्षेची नोंद लाल शाईने होते. तिला आम्ही रेड इंक एंट्री म्हणतो, आणि ती वर्षानुवर्षं आडवी येते. सुट्टीवरून चार दिवस उशिरा येणं घरच्यांना किरकोळ वाटतं. "एवढं लग्न उरकून जा की रे," असं प्रेमाने म्हणणाऱ्या मावशीला माहीत नसतं की ती भाच्याची फीत मागे ढकलते आहे.

माझ्या कंपनीत एक लान्स नाईक होता. डोंगरात त्याच्यासारखा वाटाड्या नाही. अंधारात, धुक्यात बिनचूक नेणार. पण नकाशावाचनाच्या लेखी परीक्षेला बसायचं म्हटलं की अंगावर काटा. "साहेब, मला रस्ता पायांनी कळतो," म्हणायचा. त्याच्यामागून भरती झालेली दोन पोरं नाईक झाली तेव्हा तो हलला. कंपनीच्या हवालदार मेजरने त्याला रोज संध्याकाळी कंदिलाशेजारी बसवून कंटूर रेषा शिकवल्या. पास झाला, नाईक झाला, पुढे हवालदारही झाला. पण गेलेली ज्येष्ठता परत आली नाही. हुशारी कमी नव्हती, कागद कमी होता. सैन्यात गेलेल्या प्रत्येक मुलाला मी हेच सांगतो. पहिल्या पाच-सहा वर्षांत परीक्षा उरकून टाका. नंतर अंगावर जबाबदारी येते आणि वही मिटते.

ही निकड का, तेही सांगतो. जवानाच्या सेवेची मुदत हुद्द्याला बांधलेली असते. नाइकाला शिपायापेक्षा जास्त वर्षं मिळतात, हवालदाराला नाइकापेक्षा, नायब सुभेदाराला हवालदारापेक्षा. म्हणजे एक बढती हुकली तर पगारातला फरक तर पडतोच, शिवाय माणूस चाळिशीच्या आसपास घरी परततो, मुलं शाळेत असताना. बाहीवरच्या फितीत घराचा जमाखर्च असतो, तो असा. ज्यांना वर जागा मिळत नाही त्यांच्यासाठी ८, १६ आणि २४ वर्षांनी पगाराची पुढची पायरी देण्याची योजना आहे. त्यात पगार वाढतो, फीत वाढत नाही.

२०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांसाठी ही शिडी थोडी उशिरा सुरू होते. चार वर्षं अग्निवीर हा वेगळाच हुद्दा, त्याचं चिन्हही वेगळं. त्यानंतर नियमानुसार जास्तीत जास्त २५ टक्के मुलं नियमित सेवेत घेतली जातात, आणि बढतीची शिडी त्यांच्यासाठी तिथून चालू होते. त्यामुळे या मुलांनी परीक्षा आणि शिस्त पहिल्या दिवसापासून सांभाळायला हव्यात.

जेसीओ : पलटणीचा कणा

हवालदाराच्या पुढे छाननी कडक होते. मागच्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल पाहिले जातात, कोर्समधली श्रेणी पाहिली जाते. नायब सुभेदार होणारा माणूस पंधरा-वीस वर्षं तावून सुलाखून निघालेला असतो. त्याच्या हाताखाली प्लाटून येते, आणि बहुतेक वेळा एखादा कोरा करकरीत लेफ्टनंटही येतो, ज्याला "साहेब" म्हणत म्हणत तो घडवतो. मला फौजेने अकादमीत शिकवलं, पण अधिकारी बनवलं ते माझ्या पहिल्या सुभेदार साहेबांनी.

सुभेदार मेजर पलटणीत एकच. आठशे माणसांत एक. कर्नल साहेब दोन-अडीच वर्षांत बदलून जातात. सुभेदार मेजर साहेबांनी मात्र त्याच पलटणीत उमर काढलेली असते. कुणाच्या घरी काय चाललंय, कोण खचलाय, कुणाला बोलायचं आहे पण तोंड उघडत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून त्यांचा मान.

चांगल्या जेसीओंना २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या यादीत ऑनररी लेफ्टनंट आणि ऑनररी कॅप्टन हा बहुमान मिळतो. १९८७ मध्ये सियाचीनवर परमवीरचक्र मिळवणारे नायब सुभेदार बाणासिंह ऑनररी कॅप्टन म्हणून निवृत्त झाले, आणि मघाशी ज्यांचं नाव घेतलं ते योगेंद्रसिंह यादवही. गावात काही लोक म्हणतात, "खरा कॅप्टन नाही हो, नुसता मानद." ऐकलं की मला राग येतो. सचिन तेंडुलकर हवाई दलात मानद ग्रुप कॅप्टन, धोनी टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल, तो सन्मान वेगळ्या जातीचा. जेसीओचा ऑनररी कॅप्टन म्हणजे तीसेक वर्षांच्या चाकरीचं शिखर. शिपायापासून तिथपर्यंत पोचणारे किती थोडे असतात याचा हिशोब वरच्या आकड्यांवरून तुम्हीच करा.

अधिकाऱ्याची बढती : आधी घड्याळ, मग चाळणी

अधिकाऱ्यांच्या बढतीत दोन टप्पे आहेत, आणि बहुतेक गैरसमज या दोन टप्प्यांची सरमिसळ झाल्याने होतात.

पहिला टप्पा घड्याळाचा. अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशी डिसेंबर २००४ पासून लागू झाल्या. तेव्हापासून कमिशननंतर २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर आणि १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, अशी कालबद्ध बढती मिळते. घड्याळ असलं तरी आपोआप नव्हे. मेजरसाठी "पार्ट बी" आणि लेफ्टनंट कर्नलसाठी "पार्ट डी" या परीक्षा आहेत, आणि वैद्यकीय व शिस्तीच्या अटीही.

दुसरा टप्पा चाळणीचा. लेफ्टनंट कर्नलच्या पुढे निवड मंडळं बसतात. कर्नलसाठी क्रमांक ३ चं सिलेक्शन बोर्ड, ब्रिगेडियरसाठी क्रमांक २, मेजर जनरलसाठी क्रमांक १ आणि लेफ्टनंट जनरलसाठी विशेष बोर्ड. एका वर्षी कमिशन मिळालेल्यांची एक बॅच मानतात आणि त्या बॅचचा विचार एकत्र होतो. बोर्डासमोर माणूस जात नाही, त्याचा कागद जातो, आणि त्यावरचं नाव झाकलेलं असतं. सगळ्यात जास्त वजन गोपनीय अहवालांना. प्रत्येक अहवालावर सहसा तीन पायऱ्यांचे वरिष्ठ शेरा देतात, ९ पैकी गुण देतात. शिवाय कोर्समधली कामगिरी, शौर्यपदकं, कठीण भागातली कमान, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजसारखा स्पर्धात्मक कोर्स, हे सगळं जमेस धरतात.

पहिल्या वेळी निवड झाली नाही तर आणखी दोन संधी मिळतात. तिन्ही वेळा नाव आलं नाही तर तो अधिकारी "सुपरसीड" झाला असं म्हणतात. त्याची नोकरी जात नाही. लेफ्टनंट कर्नल आणि कर्नल ५४ व्या वर्षापर्यंत सेवेत राहू शकतात, आणि २६ वर्षांची सेवा झाल्यावर कालबद्ध कर्नलपदही मिळतं. ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८ आणि लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षी निवृत्त होतात.

महिला अधिकाऱ्यांसाठी ही चाळणी फार काळ बंदच होती. बहुतेकींना शॉर्ट सर्व्हिस कमिशन असल्याने कर्नलच्या बोर्डापर्यंत पोचण्याआधीच त्यांना घरी जावं लागे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम कमिशन आणि कमानीच्या नेमणुकांचा हक्क मान्य केला, आणि २०२३ पासून त्या कर्नल म्हणून तुकड्यांची कमान सांभाळू लागल्या. सैन्याच्या वैद्यकीय सेवेत वाट आधीपासून मोकळी होती. पुण्याच्या एएफएमसीतून शिकलेल्या माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या.

वर जागाच कमी असतात

आता जावयांच्या प्रश्नाकडे येऊ. पंधरा वर्षं सेवा झालेला अधिकारी लेफ्टनंट कर्नल असेल तर काहीही बिनसलेलं नाही. घड्याळ बरोबर चाललंय.

आणि समजा पुढे बोर्डात नाव आलं नाही. तरीही "काहीतरी भानगड असणार" असा अर्थ काढू नका. एका पलटणीत लेफ्टनंट कर्नल आणि मेजर मिळून बरेच, पण कमांडिंग ऑफिसर एक. अशा तीन पलटणींमागे ब्रिगेडियर एक. साधी उतरंड आहे, वरचं मडकं एकच असतं. सगळे उत्तम असले तरी जागा वाढत नाहीत. अहवालातल्या ८ आणि ९ च्या फरकावर माणसं मागे राहतात. बॅचमध्ये माझ्या पुढे गेलेले काही माझ्यापेक्षा खरोखरच सरस होते, आणि मागे राहिलेल्या काहींच्या हाताखाली लढायला मी आजही डोळे मिटून जाईन. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

जवानांचंही तसंच. प्रत्येक चांगला हवालदार सुभेदार मेजर होऊ शकत नाही. हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने वीस-पंचवीस वर्षांत किती पोरांना शिकवून, सांभाळून, जिवंत घरी पाठवलं, हे त्याच्या बाहीवर लिहिलेलं नसतं.

खालच्या मजल्यावरून वर जाता येतं का?

येतं. हे अनेक घरांना माहीतच नसतं. बारावी झालेला जवान, दोन वर्षांच्या सेवेनंतर, वीस ते सत्तावीस वयात आर्मी कॅडेट कॉलेजसाठी परीक्षा देऊ शकतो. तिथे तीन वर्षांत पदवी, मग एक वर्ष डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी, आणि खांद्यावर लेफ्टनंटचे तारे. वय पुढे गेलं असेल तर स्पेशल कमिशन्ड ऑफिसरची योजना आहे, आणि अनुभवी जेसीओ-हवालदारांसाठी स्पेशल लिस्टचं कमिशन. वयाच्या आणि सेवेच्या अटी अर्ज करतेवेळी युनिटच्या कार्यालयातून खात्री करून घ्याव्यात. एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत कुणालाच चुकत नाही.

उदाहरण हवं असेल तर कारवारकडचे राम राघोबा राणे. १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले ते साधे सॅपर म्हणून. ब्रह्मदेशच्या लढाईत वर चढले, डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंटचं कमिशन मिळालं. चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरीच्या वाटेवर, गोळीबारात, जखमी अवस्थेत सुरुंग काढून आणि अडथळे दूर करून त्यांनी रणगाड्यांना रस्ता मोकळा केला. परमवीरचक्र मिळालं. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. जनरल झाले नाहीत. आता कुणी म्हणून दाखवावं की राणे मागे राहिले! त्याच बॉम्बे सॅपर्समधले नागपूरचे मनोज पांडे २०२२ मध्ये सेनाध्यक्ष झाले, इंजिनिअर्समधून त्या पदावर पोचलेले पहिले. खडकीच्या त्या एकाच घरात दोघांचाही मान आहे.

कॅडेटचे हुद्दे

एनसीसीत शाळेपासून लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट अशा पायऱ्या आहेत. कॉलेजात त्यापुढे ज्युनियर आणि सीनियर अंडर ऑफिसर. हजेरी, कवायत, शिबिरं, वागणूक आणि पुढाकार पाहून ते दिले जातात. हे हुद्दे एनसीसीपुरतेच. सैन्यात गेल्यावर त्यांचा एकही तारा होत नाही. मग उपयोग काय? "सी" प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल आणि पदवीच्या अटी पूर्ण असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला बोलावणं येऊ शकतं. आणि वीस मुलींना वेळेवर रांगेत उभं करताना काय काय करावं लागतं, हे अंडर ऑफिसर झालेल्या मुलीला आधीच कळलेलं असतं. एसएसबीत ते दिसतं.

खडकवासल्याच्या एनडीएत आणि डेहराडूनला कॅडेटांनाही हुद्दे मिळतात, ते शेवटच्या सत्रांत. पासिंग आऊट परेडला "स्वोर्ड ऑफ ऑनर" कुणाला, हे सगळे पाहतात. पण गुणानुक्रमही महत्त्वाचा, कारण बॅचमधली ज्येष्ठता त्यावर ठरते. एखादं सत्र पुन्हा करावं लागलं, ज्याला "रेलिगेट" म्हणतात, तर मुलगा सहा महिने मागे पडतो. आईवडिलांनी खचू नये. पुढे वीस वर्षांचे अहवाल लिहायचे बाकी असतात. एनडीएत २०२२ पासून मुलीही आहेत. त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

जाता जाता नौदल आणि हवाई दल. नौदलातला कॅप्टन हा भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा, तर नौदलाचा लेफ्टनंट भूदलाच्या कॅप्टनच्या. भूदलाचा मेजर, नौदलाचा लेफ्टनंट कमांडर आणि हवाई दलाचा स्क्वाड्रन लीडर, हे तिघे एका ओळीत. स्थळ पाहताना "कॅप्टन" ऐकलंत तर आधी विचारा, पाण्यावरचा की जमिनीवरचा?

आणि हो, भाच्याचा प्रश्न राहिला. सैन्यातला हवालदार आणि पोलिसातला हवालदार, दोघांचं नाव एक, दोघांनाही माझा सलाम, पण काम वेगळं. तुमच्या भाच्याच्या हाताखाली दहा माणसं आहेत. पुढच्या सुट्टीत तो घरी आला की "पुढची बढती कधी?" हे विचारू नका. "तुझी पोरं कशी आहेत?" असं विचारून बघा. तो तासभर बोलेल.

पुढच्या भागात एसएसबीचे पाच दिवस, दिवसवार.

जय हिंद.